खोडरबर नसलेला हॅरॉल्ड

मुलांच्या पुस्तकांबद्दलच्या या सदरात यावेळी एकाच पुस्तकाचे प्रश्न घेतलेत, 'हॅरॉल्ड अँड द पर्पल क्रेयॉन'चे. तुमची पत्रं आणि मेल वाचले तर बऱ्याच घरांत हे पुस्तक कुणीतरी 'मुलांची क्रिएटिव्हिटी वाढते' असं सांगून भेट दिलेलं दिसतंय आणि आता त्याचं करायचं काय हा प्रश्न पडलाय.

ताई, मुलीच्या वाढदिवसाला हे पुस्तक आलं. उघडलं तर पानावर एक जांभळी रेघ, एक टकलं बाळ, खाली एखादं वाक्य, बाकी सगळं पांढरं. जाऊबाई म्हणतात क्लासिक आहे. ह्यात नक्की आहे तरी काय? — एक आई, लातूर

अहो जाऊबाई बरोबर सांगतायत. पुस्तक १९५५ चं आहे, अमेरिकेतलं, क्रॉकेट जॉन्सन नावाच्या माणसाने लिहिलेलं आणि त्यानेच चित्रं काढलेलं. हॅरॉल्ड एका रात्री बराच वेळ विचार करतो (हे 'बराच वेळ विचार' पहिल्याच वाक्यात आहे बरं का, वाचताना त्यावरून पळू नका) आणि ठरवतो की चांदण्यात फिरायला जायचं. पण चंद्रच नाहीये. मग तो जांभळ्या मेणखडूने (क्रेयॉन म्हणजे तोच) चंद्र काढतो, चालायला रस्ता काढतो, सरळ आणि लांबलचक, म्हणजे हरवायला नको. सरळ रस्त्यावरून कुठेच पोचत नाहीये असं वाटल्यावर शेतातून शॉर्टकट मारतो. पुढे जंगल पाहिजे, पण जंगलात हरवायची भीती, म्हणून एकाच झाडाचं जंगल काढतो. ते निघतं सफरचंदाचं. सफरचंदं पिकेपर्यंत राखण कोण करणार, म्हणून झाडाखाली एक भयानक ड्रॅगन काढतो आणि तो इतका भयानक होतो की हॅरॉल्ड स्वतःच घाबरून मागे मागे सरकतो, पाठीमागे धरलेला खडूचा हात थरथरत असतो आणि त्या थरथरत्या रेघेच्या लाटा होतात, आणि पठ्ठ्याच्या लक्षात येईपर्यंत तो डोक्यावरून पाणी जाईल इतक्या समुद्रात.

इथे थांबा आणि बघा तो काय करतो ते. समुद्र खोडत नाही. खोडरबर नाहीच्चे त्याच्याकडे. तो पटकन होडी काढतो.

सगळीकडे या पुस्तकाबद्दल लिहिलेलं असतं की कल्पनाशक्तीला मर्यादा नसते, काहीही शक्य आहे वगैरे. मला ते पटत नाही. मला तर हे पुस्तक बरोब्बर उलटं वाटतं. एकदा काढलेली रेघ कायमची आहे, ड्रॅगन काढलास तर ड्रॅगन आहे, आता पुढे काय ते बोल. हॅरॉल्डची सगळी हुशारी पहिल्या रेघेत नाहीये, ती दुसऱ्या रेघेत आहे, म्हणजे आपणच करून ठेवलेल्या भानगडीतून वाट काढणाऱ्या रेघेत. मुलीला वाचून दाखवाल तेव्हा अशा जागी पान उलटायच्या आधी जरा थांबा, 'आता काय करेल गं हा?' एवढंच विचारा. पाठ्यपुस्तकासारखे आणखी प्रश्न नकोत.

मी निवृत्त शिक्षक आहे. नातवासाठी हे पुस्तक चाळलं. तान्हं म्हणावं असं पोर रात्री एकटं बाहेर फिरतंय, आई नाही बाप नाही, समुद्रात पडतंय, डोंगरावरून पडतंय. यातून मुलांनी काय घ्यायचं? — सातारा

सर, तुमची शंका अगदी वेडीवाकडी नाहीये, या पुस्तकाच्या संपादिका अर्सुला नॉर्डस्ट्रॉम, म्हणजे त्या काळातल्या अमेरिकन बालसाहित्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या संपादक, त्यांनाही हस्तलिखित पहिल्यांदा वाचून फार काही आवडलं नव्हतं. नंतर त्यांचं मत बदललं आणि हार्पर या प्रकाशनसंस्थेने पुस्तक काढलं.

पण सर, तो बाहेर गेलाय कुठे? घर नाही, दार नाही, रस्ता नाही, जे काही 'बाहेर' आहे ते त्याने स्वतः काढलंय. आईबाप नाहीत हे खरं, पण त्यामुळे त्याला ओरडणारंही कुणी नाही आणि वाचवायला येणारंही कुणी नाही. म्हणून डोंगरावरून पडताना तो रडत बसत नाही, फुगा काढतो, फुग्याला लटकतो, मग सावकाश खाली टोपली काढून त्यात उभा राहतो. आणि शिस्त म्हणाल तर ती आहे की. आवडते नऊ प्रकारचे पाय (म्हणजे ते गोड सारण भरलेले, भट्टीत भाजलेले) मांडून पिकनिक करतो, पोट भरतं, बरंच उरतं, तर अन्न वाया जाऊ नये म्हणून एक भुकेलेला मूस (म्हणजे हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) आणि एक साळिंदर काढून त्यांच्यासाठी ठेवून जातो. आपल्याकडे ताटात टाकू नये म्हणून पोरांच्या मागे लागावं लागतं, हा स्वतःहून करतोय. आणि शेवटी दमल्यावर आपलं आपण झोपतो. कुठल्या आईला नको असलं पोर!

आणखी एक. वाट सापडेना तेव्हा तो एक पोलीस काढून त्याला रस्ता विचारतो. पोलीस हात दाखवतो तो नेमका हॅरॉल्ड ज्या दिशेने चाललेलाच होता त्याच दिशेला. तरी हॅरॉल्ड त्याला थँक्यू म्हणतो. मला तर दर वेळी इथे हसू येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लेखकाबद्दलच्या प्रश्नात कामाला येईल.

माझा साडेचार वर्षांचा मुलगा प्रत्येक पानावर एकच विचारतो, चंद्र त्याच्याबरोबर का जातो? पुस्तकात चंद्र कायम आहे. काय सांगू? — वाशी

वा, तुमच्या मुलाने पुस्तकाची किल्लीच पकडलीये.

खरं उत्तर सोपं आहे. चंद्र आपल्यापासून साधारण ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे. आपण रस्त्याने चाललो की जवळचं झाड मागे पडतं कारण चार पावलांत त्याची दिशा आपल्यासाठी बदलते, लांबचा डोंगर हळू मागे पडतो, आणि चंद्र इतका लांब की आपण वाशीहून पनवेलला गेलो तरी त्याच्या दिशेत डोळ्यांना कळेल असा काही फरक पडत नाही. जवळचं सगळं पळतंय आणि तो जागच्या जागी, म्हणजे आपल्याबरोबर येतोय असं वाटतं. लोकलच्या खिडकीत बसवून दाखवा, खांब कसे पळतात आणि चंद्र कसा येतो ते.

पण साडेचार वर्षांच्या मुलाला हे लगेच पटलंच पाहिजे असं नाही. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात लहान मुलांशी गप्पा मारून हे नोंदवून ठेवलंय की या वयात मुलांना सूर्य-चंद्र आपल्या मागे मागे येतात असं मनापासून वाटतं. आपल्याकडची पोरं तर चांदोबाला दमलास का म्हणून विचारतच मोठी होतात. जॉन्सनने हाच समज घेतला आणि त्यावर अख्ख्या गोष्टीचा शेवट उभा केला. हॅरॉल्डला आपली खिडकी सापडत नाही म्हणून तो घर काढतो, खिडक्या काढतो, खिडक्यांनी भरलेली बिल्डिंग काढतो, मग शहरच्या शहर खिडक्यांचं काढतो आणि त्यातली एकही त्याची नसते. मग एकदम आठवतं की माझ्या खिडकीतून तर चंद्र दिसतो! म्हणजे माझी खिडकी कायम चंद्राच्या भोवती असते. झालं, चंद्राच्या भोवती चौकट काढली, पोचला घरी. पहिल्या पानांपासून चंद्र बरोबर होता तो यासाठी. नवीन काहीतरी काढून प्रश्न सुटलाच नाही, शहर काढून तर अजून गुंता झाला. सुटला तो आधीपासून असलेल्या गोष्टीकडे नीट बघून. मोठ्या माणसांच्या मीटिंगमध्येसुद्धा हे इतकं साधं कुणाला सुचत नाही.

मुलाला मात्र आत्ता हे काही सांगू नका. शेवटच्या पानांशी त्याला स्वतःला 'अरे!' होऊ दे.

मुलगी सात वर्षांची, ड्रॉइंग क्लासला जाते. चित्र काढ म्हटलं की दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली कौलारू घर, नदी आणि नारळाचं झाड. दर वेळी तेच. हॅरॉल्ड दाखवला तर फरक पडेल का? तिला पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायचंय. — कोल्हापूर

एलिमेंटरीला अजून खूप वेळ आहे हो, सातवी-आठवीपर्यंत तरी शांत बसा. त्या परीक्षांची तयारी ही वेगळी गोष्ट आहे, तिथे स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती असं ठरलेलं असतं आणि ते शिकून येतं. त्यात वाईट काही नाही. आणि दोन डोंगर आणि सूर्याला इतकी नावं ठेवू नका, अख्ख्या महाराष्ट्राने ते चित्र काढलंय, कोल्हापुरातून पश्चिमेला बघितलं तर डोंगर आहेतच की.

पण एक मजा करून बघा. हॅरॉल्डसुद्धा डोंगर काढतो. आधी टेकडी, मग लांबचं दिसावं म्हणून तिचाच डोंगर करत करत वर चढतो, कारण इतक्या उंचावरून आपली खिडकी दिसेल असं त्याला वाटतं. टोकावर जाऊन पलीकडे वाकून बघतो आणि पडतो, कारण डोंगराला दुसरी बाजूच नाहीये! काढलीच नव्हती ना त्याने. आता तुमच्या मुलीचं दोन डोंगरांचं चित्र समोर ठेवा आणि तिला विचारा की या डोंगरावर तू चढलीस तर पलीकडे काय दिसेल, त्या घरात आत्ता कोण आहे, नदी कागदाच्या कडेला गेली ती पुढे कुठे जाते. उत्तर तोंडी नको, दुसरा कागद जोडायचा आणि तिथून पुढे काढायचं. तेच चित्र, तोच सूर्य, पण आता ती त्यात शिरलीये. चित्र बदलायला सांगायची गरजच पडणार नाही.

फक्त एक नियम ठेवा, खोडरबर ड्रॉवरमध्ये. रेघ चुकली तर त्या रेघेचं आता काय होऊ शकतं ते बघायचं. क्लासमध्ये पाहिजे तेवढं खोडू दे.

तुमच्यासारख्यांचं ऐकून हे पुस्तक आणलं. मुलाने वाचलं आणि हॉलच्या भिंतीवर जांभळा समुद्र काढला. घर भाड्याचं आहे. आता बोला. — पुणे

बोलते. आधी भिंतीला रंग कुठला आहे ते बघा. प्लास्टिक इमल्शन असेल तर ओल्या मऊ फडक्यावर थोडा खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने गोल गोल पुसा, आधी सोफ्यामागच्या कोपऱ्यात करून बघा. साधं डिस्टेंपर किंवा चुना असेल तर घासू नका, खडूबरोबर रंगही निघून येईल आणि मग समुद्राच्या जागी ढग दिसेल. आणि हो, नुसता वरून रंग मारू नका, मेणावर पाण्याचा रंग धरत नाही, आधी मेण काढायचं, मग प्रायमर, मग रंग. घरमालक बघायला यायच्या आत हे उरका.

आणि मुलाला रागावू नका असं मी म्हणणार नाही, थोडं रागवा, पुसताना त्याच्या हातातही फडकं द्या. पण मग भिंतीवर त्याच्या उंचीला ब्राऊन पेपरचा लांब रोल चिकटवून टाका, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. ए-फोरच्या कागदावर हॅरॉल्डसारखं चालता येत नाही, हात हलवला की कागद संपतो. चालत चालत काढता आलं पाहिजे.

हे लिहिणारा माणूस कोण? चाइल्ड सायकॉलॉजिस्ट वगैरे होता का? — इंजिनीअर, नागपूर

नाही हो, कार्टूनिस्ट होता. खरं नाव डेव्हिड जॉन्सन लिस्क, जन्म न्यूयॉर्कचा, १९०६ चा. १९३० च्या दशकात 'न्यू मासेस' नावाच्या डाव्या विचारांच्या मासिकात कला संपादक होता. मग १९४२ पासून 'बार्नबी' नावाची कॉमिक स्ट्रिप सुरू केली, त्यात एक लहान मुलगा आणि त्याचा सिगार ओढणारा परीबाप्पा (परीकथेत मदतीला परी येते ना, तसाच पण बाप्या), मोठ्यांना तो परीबाप्पा काही दिसत नाही. शीतयुद्धाच्या काळात त्याच्या डाव्या मतांमुळे एफबीआयने त्याच्यावर पाळत ठेवली होती. अशा माणसाने १९५५ मध्ये काढलेला पोलीस, जो पोराला ते चाललेल्या दिशेलाच हात दाखवतो! मी काही त्यात राजकारण घुसडत नाहीये, पण तो हसत हसत काढला असणार असं मला आपलं वाटतं.

बायको रूथ क्राउस, ती पण लहान मुलांची लेखिका, दोघं कनेटिकटमध्ये रोवेटन नावाच्या समुद्राकाठच्या गावात राहायचे. तिच्या १९४५ च्या गाजराच्या बीच्या पुस्तकाला चित्रं यानेच काढली. तरुण मॉरिस सेंडाक, तोच तो पुढे राक्षसांच्या बेटावर जाणाऱ्या मुलाचं पुस्तक करणारा, यांच्याकडे येऊन येऊन शिकला. आणि हॅरॉल्ड टकला का, तर जॉन्सन स्वतः टकला होता आणि केस नसलेली माणसं काढायला सोपी असं त्याचं म्हणणं.

पण तुम्ही इंजिनीअर म्हणून तुम्हाला आवडेल असा भाग वेगळाच आहे. साठीच्या आसपास या माणसाने कॉमिक बाजूला ठेवलं आणि भूमितीच्या प्रमेयांची पेंटिंग करायला लागला. पायथागोरस, युक्लिड, देकार्त यांच्यावर शंभराच्या वर चित्रं केली, त्यातली ८० च्या आसपास आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहेत. गणिताची मोठी डिग्री वगैरे काही नाही. १९७३ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजला, म्हणजे आर्किमिडीजच्या गावात, हॉटेलच्या टेबलावर बसून दात कोरायच्या सात काड्या आणि मेन्यू कार्डाच्या कडा यांच्याशी खेळता खेळता त्याला नियमित सप्तकोन काढायची वाट सापडली. तुम्हाला माहीतच असेल की सप्तकोन नुसत्या कंपास आणि बिनखुणांच्या पट्टीने काढताच येत नाही, ते सिद्ध झालेलं आहे. याने पट्टीवर एक खूण करायची मुभा घेतली आणि रचना बसवली. ती १९७५ मध्ये 'मॅथेमॅटिकल गॅझेट'मध्ये छापून आली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो गेला. आता परत हॅरॉल्ड उघडून बघा. कुठेही शेडिंग नाही, फालतू रेघ नाही, कुठलाही आकार गरज पडल्याशिवाय येत नाही, आणि आधी काढलेलं सगळं पुढे गृहीत धरावं लागतं. कल्पनेचं पुस्तक म्हणून आपण हे वाटत फिरतो आणि ते बांधलंय मात्र भूमितीच्या वहीसारखं.

मी डोंबिवलीत, नातू न्यू जर्सीत. इंग्रजी वाचायला मला जमतं पण बोलताना अडखळते, आणि सूनबाईंची इच्छा आहे की मी मराठीतच बोलावं. व्हिडिओ कॉलवर ही गोष्ट कशी सांगू? — एक आजी

आजी, तुमच्यासाठी तर हे पुस्तक सोन्यासारखं आहे, कारण यात वाचायचं कमी आणि काढायचं जास्त. पुस्तक त्याच्या हातात असू दे, तुम्ही वाचूच नका. फोन उभा टेकवून ठेवा, एक मोठा कागद आणि जांभळं स्केचपेन घ्या आणि आपल्या मराठीत सांगत सांगत काढत चला. चित्रकला येत नसेल तर उत्तमच, ड्रॅगन उंदरासारखा झाला की नातू तिकडे लोळेल. थोडी गोष्ट झाली की पेन खाली ठेवा आणि त्याला म्हणा, आता तू काढ, आजी समुद्रात पडलीये.

त्या नऊ पदार्थांपाशी वेळ घालवा. पुस्तकात नावं नाहीतच, त्यामुळे तुमचं राज्य आहे. चार तुमचे, पाच त्याचे, करंजी येऊ दे, ब्लूबेरी पाय येऊ दे. आणि उरलेलं संपवायला कोण येणार ते त्याला ठरवू द्या. मूस त्याच्या देशातला आहे, साळिंदर तुमच्याकडेही आहे.

एकच सांभाळा, चंद्र विसरू नका. प्रत्येक कागदावर चंद्र पाहिजे, नाहीतर शेवटी घरी जायला खिडकी मिळायची नाही आणि नातू ते बरोबर पकडेल.

पोरांनी सिनेमा बघितला, २०२४ चा. आता पुस्तक घेण्यात अर्थ आहे का? आणि पुढची पुस्तकं आहेत म्हणे, कुठलं घ्यावं? — ठाणे

सिनेमात हॅरॉल्ड मोठा बाप्या होऊन खऱ्या जगात येतो, त्याचा पुस्तकाशी संबंध खडूपुरताच. बघितला तर बघितला. पुस्तक घ्या.

हॅरॉल्डची एकूण सात पुस्तकं आहेत, १९५५ ते १९६३ मधली. परीकथेचं आहे, आकाशात जायचं आहे, उत्तर ध्रुवाचं आहे (त्यात सांताक्लॉज येतो), सर्कस आहे, एबीसी आहे. सगळी एकाच ताकदीची नाहीत. मला विचाराल तर १९६० चं 'अ पिक्चर फॉर हॅरॉल्ड्स रूम' घ्या. खोलीत लावायला चित्र पाहिजे म्हणून तो गाव काढतो आणि घरं इतकी छोटी होतात की हा राक्षस होऊन बसतो, पुढे भलतंच होऊन फुलापेक्षाही बुटका होतो. लहान-मोठं हे कशाच्या शेजारी उभं राहिलो त्यावर ठरतं, हे पोरांना त्यात आपोआप कळतं. वाचायला नुकतं शिकलेल्या मुलाला एकट्याने वाचता येईल इतकं सोपं आहे. बाकीची लायब्ररीत मिळाली तर बघा, एबीसीचं मात्र मुलाला अक्षरं येत असतील तरच, नाहीतर त्यातली गंमत वाया जाते.